पोस्टमधल्या उंच मुलीला बॉल द्यायचा कुणी?

खडूवाली

मंडळी, मदत हवी आहे. मी शाळेत गणित शिकवते. खेळाचे सर बदलून गेले आणि "मॅडम, तुम्ही कॉलेजात खेळायचात ना?" एवढ्यावर १७ वर्षांखालील मुलींचा बास्केटबॉल संघ माझ्या गळ्यात पडला. खेळायचे हे खरं, पण पाच फूट एक इंचाची गार्ड म्हणून, म्हणजे बाहेरून बॉल पुढे आणणारी. बोर्डाखालचं जग मी लांबूनच पाहिलंय.

आमच्यात एक मुलगी पाच फूट दहा इंच आहे. बाकीच्या तिला टॉवर म्हणतात, तिलाही ते आवडतं. परवा सराव सामन्यात मी वहीत खुणा केल्या. आम्ही ५१ वेळा बॉल पुढे नेला. टॉवरच्या हातात तो सहा वेळा आला, त्यातले चार तिने स्वतः काढलेले रिबाउंड (फेक चुकल्यावर परत उडालेले बॉल). म्हणजे कुणी ठरवून पास दिला तो फक्त दोनदा.

चित्र असं असतं: टॉवर रिंगखाली हात वर करून उभी. आमची पॉइंट गार्ड (तिला सगळ्या छोटी म्हणतात) बॉल आपटत येते, टॉवरकडे बघते, पुन्हा दोनदा आपटते आणि पाठ फिरवून विंगला, म्हणजे बाजूला उभ्या मुलीला, देते. विंगवालीही तेच करते. शेवटी कुणीतरी वैतागून लांबून फेकतं. टॉवरचा हात तोवर खांद्यापर्यंत खाली आलेला असतो.

छोटीला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, दिला की जातोच ना बॉल."

तर प्रश्न दोन. पोस्टमधल्या, म्हणजे आत रिंगच्या आसपास उभ्या राहणाऱ्या, खेळाडूचं आक्रमणात नेमकं काम काय? आणि तिच्यापर्यंत बॉल पोचवायचा कसा?

टिंगलटवाळ

उपाय सोपा आहे. छोटीला टॉवरच्या खांद्यावर बसवा.

तिसरा_सेकंद

वहीत खुणा करणारा प्रशिक्षक! ताई, तुमच्या मुली नशीबवान आहेत.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर जरा उलटं वाटेल. पोस्टचं पहिलं काम बास्केट करणं नाही. पहिलं काम पाचही बचावपटूंच्या माना वळवणं. बॉल बाहेर फिरत असतो तेव्हा बचाव करणारीला बॉल आणि आपली माणूस (जिला अडवायचं ती) दोन्ही एका नजरेत दिसतात. बॉल रिंगपासून सहा-आठ फुटांवर आत गेला की तिला मान मागे वळवावी लागते. मान वळली की पाठीमागची माणूस दिसेनाशी होते. कटर (बॉल हातात नसताना रिंगकडे धावणारी) पळते ती त्याच क्षणी, आणि कोपऱ्यातली शूटर मोकळी होते तीही त्याच क्षणी.

दाखला देतो. १९९५ ची एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) फायनल, ह्यूस्टन विरुद्ध ऑर्लँडो. पोस्टमध्ये हकीम ओलाजुवान. त्याआधीच्या मालिकेत त्याने डेव्हिड रॉबिन्सनसारख्या सेंटरसमोर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) सरासरी ३५.३ गुण काढले होते, त्यामुळे त्याला एकट्याने अडवायची हिंमत कुणाला नव्हती. आणि फायनलच्या पहिल्याच सामन्यात काय झालं? ह्यूस्टनचा गार्ड केनी स्मिथ याने सात थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) मारले, फायनलमधला तेव्हाचा विक्रम. स्मिथ नेमबाज होताच, पण ह्यूस्टनच्या नेमबाजांना बाहेर जी हवा मिळायची ती आत उभ्या असलेल्या ओलाजुवानमुळे. ह्यूस्टनने ती फायनल ४-० ने घेतली.

हकीमच्या पायांविषयी एक अवांतर: लागोसमध्ये लहानपणी तो हँडबॉल आणि फुटबॉल खेळायचा, फुटबॉलमध्ये गोलकीपर. बास्केटबॉल बराच उशिरा हातात घेतला. त्याचे ते फसवे पदन्यास बघताना हे आठवतं.

आकडेमोड्या

सगळं छान, पण १९९५ ला ३० वर्षं झाली. पोस्ट-अप (रिंगला पाठ करून आत बॉल घेणं) हा मेलेला प्रकार आहे. साधा हिशोब: थ्री ३६ टक्के बसला तर प्रत्येक फेकीमागे १.०८ गुण. पोस्टमधून पाठ करून मारलेला शॉट ४५ टक्के बसला तरी ०.९०. त्यात बॉल आत देताना जातो तो वेगळाच. एनबीएतल्या संघांनी हा हिशोब केला आणि धक्काबुक्की करत रिंगकडे सरकणारे सेंटर बाकावर बसवले. मुलींना शूटिंग शिकवा, टॉवरला स्क्रीन लावायला (आड उभं राहून बचाव करणारीची वाट अडवायला) शिकवा, विषय संपला.

खडूवाली

@आकडेमोड्या, हिशोब बरोबर आहे, पण ३६ टक्के माझ्याकडे नाहीत. वहीप्रमाणे आमच्या मुलींनी लांबून २० मारले, दोन बसले. १० टक्के. म्हणजे फेकीमागे ०.३. टॉवर रिंगखालून दहात चार घालते, ते ०.८. शिवाय तिला ढकलतात म्हणून फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायची फेक) मिळतात ते वेगळे. दुसऱ्याच्या आकड्यांवर आपलं गणित सोडवू नये हे मी आठवीच्या वर्गात रोज सांगते.

टिंगलटवाळ

आकडेमोड्या अंगठे धरून उभे रहा.

आकडेमोड्या

😀 धरले. शाळेच्या पातळीवर मान्य. पण वरच्या पातळीवर पोस्ट गेला हे तरी मान्य करा.

तिसरा_सेकंद

"गेला" कसा, ते बघू. त्याला घालवायचा प्रयत्न तर पहिल्यापासून चालूच आहे. १९५१ पर्यंत एनबीएत रिंगखालचा पट्टा फक्त सहा फूट रुंद होता. सहा फूट दहा इंचाचा जॉर्ज मायकन त्याच्या कडेला उभा राहून इतक्या सहज गुण काढायचा की पट्टा १२ फुटांचा केला. मग विल्ट चेंबरलेन आला, १९६४ मध्ये तो १६ फूट झाला. शाळकरी वयातच गाजलेला ल्यू ऑल्सिंडर कॉलेजात आला तर १९६७ मध्ये कॉलेज बास्केटबॉलमधून डंकच (बॉल वरून रिंगमध्ये कोंबणं) काढून टाकला. ऑल्सिंडर म्हणजेच पुढचा करीम अब्दुल-जब्बार. डंक नाही तर नाही म्हणून त्याने स्कायहुक (एका हाताने डोक्यावरून सोडलेला शॉट) घोटला आणि ३८,३८७ गुणांवर थांबला. तो विक्रम मोडायला २०२३ उजाडलं.

खरा घाव बसला तो २००१-०२ च्या मोसमात. तोवर एनबीएत झोन बचाव (माणसाऐवजी आपली जागा राखणं) नियमबाह्य होता. शॅकिल ओ'नीलला दोघांनी घेरायचं तर दुसऱ्याने आपली माणूस उघडपणे सोडून पूर्ण त्याच्यावर जायचं, अधेमधे लोंबकळत राहायचं नाही. २००० च्या फायनलमध्ये त्याने सरासरी ३८ गुण काढले ते असल्या नियमात. नियम बदलला आणि एक जण पोस्टच्या पुढे, एक मागे असं सँडविच करणं सोपं झालं. थ्रीचा हिशोब आला तो त्याच्यानंतर.

आणि इथेच एक महत्त्वाची गोष्ट. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना) नियमांत, म्हणजे आपल्याकडे, झोनला अशी बंदी नव्हती. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या क्लिप बघून मुलींना शिकवू नका. ताई, तुमच्यासमोरचे संघ झोन खेळतात का?

खडूवाली

सगळेच. २-३. दोघी पुढे, तिघी मागे, हात पसरून.

तिसरा_सेकंद

मग अर्धं उत्तर इथेच मिळालं! २-३ मध्ये मागच्या तिघी कुठे असतात? बेसलाइनजवळ (रिंगमागची मैदानाची रेषा), रिंगच्या डावी-मध्य-उजवीकडे. आणि तुमची टॉवर रिंगखाली. म्हणजे तीन बायकांच्या गर्दीत ही चौथी. छोटी बॉल देत नाही यात तिची अक्कलच दिसते.

२-३ चं भोक मध्यभागी असतं, फ्री थ्रो रेषेच्या आसपास. पुढच्या दोघींच्या पाठीमागे आणि मागच्या तिघींच्या पुढे. टॉवरला तिथे आणा. याला हाय पोस्ट म्हणतात.

नागपाडा_रिटायर्ड

थांबा थांबा. रिंगजवळची जागा इतक्या लवकर सोडू नका.

आम्ही खेळलो ते जुन्या पट्ट्यावर. नव्या पोरांना माहीत नसेल, २०१० पर्यंत फिबाचा पट्टा चौकोनी नव्हता. वर ३.६ मीटर आणि खाली बेसलाइनला ६ मीटर, घागऱ्यासारखा पसरलेला. लो पोस्टवाल्याला (रिंगजवळ उभ्याला) तीन सेकंदांच्या भीतीने (पट्ट्यात त्याहून जास्त थांबलं की शिट्टी) रिंगपासून पार लांब उभं राहावं लागायचं. तिथून पाठ करून मारायचं म्हणजे वळल्यावर रिंग अजून दोन ढांगा दूर. म्हणून आमच्या वेळचे सेंटर तोंड रिंगकडे करून खेळायला शिकले, युरोपवालेही तसेच. २०१० नंतर पट्टा सरळ ४.९ मीटरचा झाला. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मीटर फुकट मिळाला आणि तुम्ही म्हणता रिंग सोडा?

अर्धा मीटर म्हणजे किती ते आमच्यासारख्यांना विचारा. सिमेंटवर गुडघे घालवलेत त्यासाठी.

खडूवाली

काका, आमच्या मैदानावर दोन्ही पट्टे आहेत! जुना घागरा पुसट पांढरा, त्याच्यावर नवा पिवळा. टॉवर बिचारी कुठल्या रेषेला घाबरावं याच विचारात असते.

नागपाडा_रिटायर्ड

तिला सांगा पिवळ्याला घाबर. आणि रेषा पट्ट्यातच धरतात. टाच रेषेला लागलेली असली तरी आतच. आमच्या पोरांच्या निम्म्या शिट्ट्या टाचेवरच जायच्या.

बोर्डाखाली

दोन्ही काका बरोबर आहेत, पण दोघेही जागेवर भांडताय. मी विद्यापीठाकडून सेंटर खेळले आहे, त्या हात वर करून उभ्या मुलीबद्दल बोलते. कारण ती मीच होते.

ताई, तिला आधी हात खाली घ्यायला सांगा. सरळ उभं राहून हात वर केला की उंच माणूस खांबासारखा होतो, कुणीही मागून येऊन बॉल टिपतं. पोस्टमध्ये उंची नंतर, बसणं आधी. गुडघे वाकवून, बूड मागे टाकून, मागच्या मुलीच्या मांडीवर जवळजवळ टेकायचं. तिला तुमच्या पुढे यायला वाटच ठेवायची नाही. याला सील करणं म्हणतात. मग हात द्यायचा तो डोक्यावर नाही, बचाव करणारी ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला, पंजा उघडा. तो पंजा म्हणजे पास देणारीला पत्ता.

आमच्या सरांनी गादीवाल्याकडून कापसाची एक जाडजूड गिरदी शिवून घेतली होती. मी पोस्टमध्ये उभी राहिले की सर ती गिरदी माझ्या पाठीत आणि कमरेत दाबून ढकलत राहायचे आणि मी बॉल पकडायचा. पहिले आठ दिवस मी नुसती पुढे कोलमडत होते. हसू नका, त्या गिरदीला आम्ही मावशी म्हणायचो. "आज मावशी आली का?" असं विचारत मैदानावर जायचो. महिन्याभराने मावशी ढकलत राहायची आणि मी आरामात डावा-उजवा बघायचे.

बघायचे, हे महत्त्वाचं. बॉल हातात आला की लगेच वळून मारायचं नाही. हनुवटीखाली घ्यायचा, कोपरं बाहेर, आणि आधी बेसलाइनच्या खांद्यावरून मागे बघायचं. एक क्षणभर. मोकळं असेल तर त्या बाजूला ड्रॉप स्टेप: मागचा पाय रिंगकडे टाकायचा, एक ड्रिबल, संपलं. दुसरी अंगावर येताना दिसली तर ती जिथून आली तिथे पास. डबल टीम आली ही वाईट बातमी नाही, कुणीतरी मोकळं आहे याची चिठ्ठी आहे ती.

आणि ड्रिबल! रिंगखाली उंच मुलीने बॉल जमिनीवर आपटला की तो बुटक्या मुलींच्या उंचीला येतो. एकदाच आपटायचा, तोही पाय टाकताना. नाहीतर नाहीच.

डेनव्हरकर

मी रोज वाचतो, लिहितो कधीच नाही. पण "पोस्ट मेला" वाचून राहवेना. इथे डेनव्हरमध्ये निकोला योकिचला प्रत्यक्ष खेळताना बघितलंय. सर्बियातल्या सोम्बोरचा, २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम) ४१ वा. त्याचं नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर टाको बेल या खाद्यपदार्थांच्या साखळीची जाहिरात चालू होती, इतकी त्याची किंमत. २०२१, २०२२, २०२४ असा तीनदा एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला आणि २०२३ मध्ये डेनव्हरला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. २०२४-२५ मध्ये मोसमाची सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट (ज्यावर बास्केट झाली असे पास).

टीव्हीवर दिसत नाही ते सांगतो. टीव्हीवाले बॉलवर कॅमेरा ठेवतात. हॉलमध्ये वरच्या रांगेत बसलं की दिसतं, योकिचकडे बॉल आला की बाकीचे चौघे चालू होतात. कुणी जागेवर थांबत नाही. एक त्याच्या अंगावरून घासून रिंगकडे पळतो, त्याच वेळी दुसरा विरुद्ध बाजूला स्क्रीन लावतो. तो मात्र एल्बोजवळ, म्हणजे फ्री थ्रो रेषेच्या टोकाला, बॉल डोक्यावर धरून नुसता उभा. घाई शून्य. उडी जेमतेम पेपर सरकवण्याइतकी.

खळ्यावरचा

लै भारी वर्णन. आमच्याकडे पूर्वी मळणीला खळ्याच्या मधोमध तिवडा रोवायचे. बैल त्याच्याभोवती फिरतात, कणसं तुडवली जातात, तिवडा जागचा हलत नाही. पण तो उपटला तर बैल कुठंबी जातील. तुमचा तो योकिच म्हणजे तिवडा दिसतोय. बास्केटबॉलमधलं मला काडीचं कळत नाही, धागा वाचत होतो एवढंच.

तिसरा_सेकंद

काडीचं कळत नाही म्हणून पोस्टचं सगळ्यात नेमकं वर्णन केलंत! इंग्रजीतही "पोस्ट" म्हणजे रोवलेला खांबच. टेक्स विंटर यांनी जी रचना घडवली, जिला सगळे ट्रँगल म्हणतात, तिचं त्यांचं मूळ नाव "ट्रिपल पोस्ट". जॉर्डनच्या शिकागोने आणि नंतर शॅकिल ओ'नीलच्या लेकर्सने तीच वापरली. विंगवाली, कोपऱ्यातली आणि पोस्ट हा त्रिकोण. बॉल पोस्टला दिला की देणारीने थांबायचं नाही, तिच्याभोवती कट मारायचा. बैल फिरलेच पाहिजेत.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. एंट्री पासचं (बाहेरून पोस्टला आत दिलेला पास) दुखणं बहुतेक वेळा कोनात असतं. वरून, मधोमध उभं राहून ब्लॉकवर (पट्ट्याच्या कडेची रिंगजवळची जागा) पास टाकला तर तो बचाव करणारीच्या अंगावरूनच जातो. छोटीने बॉल विंगला न्यायचा आणि तिथून एक-दोन ड्रिबल खाली यायचं, फ्री थ्रो रेषेच्या पातळीखाली. तिथून कोन उघडतो. मग बाउन्स पास, टॉवरच्या उघड्या पंजाकडे. त्याआधी वर टाकायची हूल द्यायची. समोरचीचे हात वर जातात, बॉल खालून जातो.

समोरची टॉवरच्या पुढेच येऊन उभी राहिली तर? भांडू नका. बॉल फ्री थ्रो रेषेवरच्या दुसऱ्या मुलीला द्या, टॉवरने पुढच्या मुलीला पाठीवर तशीच धरून ठेवायची, आणि वरून बोर्डाच्या दिशेने अलगद लॉब (डोक्यावरून उंच पास). हाय-लो म्हणतात ते हेच. तुमच्याकडे दुसरी जरा उंच कुणी आहे?

खडूवाली

आहे, पाच फूट सहा. पण बॉल आला की डोळे मिटते.

टिंगलटवाळ

मीही गणिताच्या तासाला तेच करायचो.

नागपाडा_रिटायर्ड

मग टॉवर वर आणि डोळे मिटणारी खाली. टॉवरने वरून आत बघायचं. तिसरा_सेकंद, घ्या, तुमचं खरं केलं. पण शॉट लागला की टॉवरने रिंगकडे धावायचं विसरायचं नाही. लांबून मारलेला चुकला तर बहुतेक वेळा विरुद्ध बाजूला पडतो. तिथे आधी पोचेल तिचा.

आकडेमोड्या

मी माझं विधान दुरुस्त करतो. मेला तो रिंगला पाठ करून धक्के देत सरकणारा. खांब जिवंत आहे, जागा बदलली. पण पास देणारा पोस्ट घडवायला वर्षं लागतात. योकिच रोज जन्मत नाही.

बोर्डाखाली

@आकडेमोड्या, योकिच नकोच आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला तीनच गोष्टी जमल्या पाहिजेत: पकडणं, थांबणं, बघणं. थांबणं सगळ्यात अवघड. उंच मुलींना लहानपणापासून "बॉल लपव, कुणीतरी घेईल" हेच सांगितलेलं असतं, म्हणून हातात आला की घाबरून टाकून देतात. ताई, सरावात तिला बॉल द्या आणि मोठ्याने "एक, दोन" म्हणून मगच पास करायला लावा.

खडूवाली

(तीन आठवड्यांनी)

हजेरी देते. मावशी शिवून आणली! गादीवाल्याने विचारलं, "मॅडम, लग्नासाठी का?" मी काही बोलले नाही.

काल परत त्याच संघाशी सराव सामना झाला. त्यांचा तोच २-३. टॉवर फ्री थ्रो रेषेवर, दोघी कोपऱ्यात, डोळे मिटणारी बेसलाइनवर. वहीतलं सांगते: बॉल पुढे नेला ४८ वेळा, टॉवरला पास २१ वेळा. तिने स्वतः फक्त तीन बास्केट केली, म्हणजे आधीपेक्षा एक कमी. पण तिच्या पासवर सात झाली.

त्यातली एक सांगते. छोटीने टॉवरला दिला आणि सवयीप्रमाणे बघत उभी राहिली. टॉवर मोठ्याने "एक, दोन" म्हणाली (हो, सामन्यातही म्हणते, समोरच्या मुली हसत होत्या). दोनला मागची मधली मुलगी वर आली. बेसलाइनवरचीने डोळे उघडे ठेवले होते. टॉवरने बॉल वरून सरळ तिच्या हातात सोडला आणि ती रिंगखाली एकटी होती. तिने घातला, आणि मग डोळे मिटले.

त्यानंतर त्यांच्या सरांनी टाइमआउट घेऊन टॉवरवर दोघी लावल्या. पुढच्या वेळी टॉवर "एक" म्हणायच्या आत छोटी स्वतःहून पळाली. बॉल परत मिळाला, लेअप. ती मागे धावताना टॉवरच्या हातावर टाळी द्यायला उडी मारत होती, पोचली नाही.

काका, तीन सेकंदांची शिट्टी दोनदा. दोन्ही वेळा टाच.

नागपाडा_रिटायर्ड

सांगितलं होतं. जुनी पांढरी रेषा खरवडून काढा.

टिंगलटवाळ

सगळं सांगितलंत, निकाल नाही सांगितला. मॅडम?

खडूवाली

चार गुणांनी हरलो. आधी १९ ने हरलो होतो. फ्री थ्रो १४ मिळाले, नऊ घालवले. आता त्यावर वेगळा धागा काढते.